एकट्याची गिटार

संगीताची मैफल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अनेक माणसे उभी राहतात. मध्यभागी गायक, त्याच्या मागे तंबोरे, एका बाजूस तबला, दुसऱ्या बाजूस पेटी किंवा सारंगी. कीर्तनकाराच्या मागेही टाळकरी आणि मृदंगी असतातच, आणि पाश्चात्त्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात तर शंभर-शंभर वादक बसलेले दिसतात. अशा ह्या समूहाच्या जगात, केवळ एक माणूस, एक खुर्ची आणि सहा तारांची एक लाकडी गिटार एवढ्याच सामग्रीवर उभी राहिलेली एक गानपरंपरा अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आली. तिला ‘ब्लूज’ असे म्हणतात. तिच्या शेजारी, तिच्याशी देवाणघेवाण करीत, अमेरिकन लोकगीतांचीही गिटारवरची एक परंपरा नांदत होती. पुढे ह्या संगीतात विजेची वाद्ये आली, ढोल आले, मोठमोठे ताफे आले. तथापि एकट्याने, विजेच्या साह्यावाचून, गात गात वाजविलेल्या गिटारचे आकर्षण शंभर वर्षांनंतरही ओसरलेले नाही. ते आकर्षण कशात आहे आणि त्यासाठी कोणी काय मोल दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मिसिसिपी आणि याझू ह्या दोन नद्यांच्या दरम्यान जो सखल, काळ्या गाळाचा प्रदेश आहे, त्याला तिकडे ‘डेल्टा’ म्हणतात. हा कापसाचा मुलूख. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु सुटका झालेल्या निग्रो कुटुंबांपाशी ना जमीन होती ना बैल. त्यामुळे ती जुन्याच मळेवाल्यांची जमीन अर्धेलीने करू लागली. बियाणे, अवजारे, पीठमीठ सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर यावयाचे आणि वर्षअखेरीस हिशेब झाला की पुष्कळदा कुळाच्याच अंगावर बाकी निघावयाची. शेतात, धरणबांधाच्या कामावर, रेल्वेच्या रुळांवर काम करताना हे लोक गात असत. जात्यावर बसलेल्या आपल्याकडच्या बाईची ओवी जशी श्रमातूनच आपली लय घेते, तशी ह्या गाण्यांनीही कुदळीच्या आणि घणाच्या घावांतून आपली लय घेतली होती. एकाने ओळ म्हणावी, इतरांनी ती झेलावी, असा ह्या श्रमगीतांचा रिवाज होता.

ह्या सामुदायिक गाण्याचे एकट्याच्या गाण्यात रूपांतर घडविले ते मुख्यतः गिटारने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टपालाने माल धाडणाऱ्या मोठ्या पेढ्या उदयास आल्या. शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीच्या जाडजूड सूचिपत्रात नांगराच्या फाळापासून गिटारपर्यंत सर्व काही मिळे, आणि गिटारची किंमत शेतमजुराला काटकसर करून परवडेल इतकी कमी असे. वाद्य हलके, खांद्यावर टाकून पायी किंवा रेल्वेने कोठेही नेता येण्याजोगे. आणि ते वाजवीत असताना गळा गाण्यासाठी मोकळा राहतो, हा तर त्याचा मोठाच गुण. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा निग्रो बँडचालक मिसिसिपीतील टटवायलर ह्या लहानशा स्थानकावर गाडीची वाट पाहत असता, शेजारी बसलेला एक फाटक्या वस्त्रांचा माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासून गाऊ लागला. असे विलक्षण संगीत आपण पूर्वी कधी ऐकले नव्हते, असे हँडीने १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या वादकाचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

ह्या गाण्याची घडण आपल्याकडील श्रोत्याला चटकन् समजेल अशी आहे. रूढ ब्लूजचे एक कडवे बारा खंडांचे असते आणि प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन झाले. ह्यात तीन ओळी बसतात. पहिली ओळ गायक एकदा म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करतो. पहिल्या ओळीला षड्जाच्या स्वरमेळाचा आधार असतो, दुसरी मध्यमावर जाते, तिसरी पंचमावर उभी राहून पुन्हा षड्जाला येते. शब्द तेच, पण खालचा आधार बदलल्याने पहिल्या खेपेस जी नुसती हकीकत वाटली ती दुसऱ्या खेपेस तक्रार वाटू लागते. गायकाची ओळ साधारणपणे तिच्या वाट्याच्या निम्म्या जागेतच संपते आणि उरलेल्या जागेत गिटार तिला उत्तर देते. शेतावर जे उत्तर सोबत्यांनी द्यावयाचे, ते आता तारा देऊ लागल्या. एकट्या माणसाने आपल्या हातांतच आपला जमाव निर्माण केला, असे म्हणावयास हरकत नाही.

हे हातांना कसे साधते? उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांच्या जाड तारांवर एक-दोन, एक-दोन अशी न चुकणारी चाल धरतो. तबल्याचे आणि काही अंशी तंबोऱ्याचे काम तोच करतो. त्याच वेळी उरलेली बोटे वरच्या बारीक तारांवर गाण्याची चाल काढतात; आणि ही चाल ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडते. एकाच हातात एक निश्चल पहारेकरी आणि एक खोडकर मूल एकत्र नांदावे, तसा हा प्रकार आहे. ध्वनिमुद्रिकेवरून प्रथमच ऐकणाऱ्याला दोन वादक वाजवीत आहेत असा भास होतो, तो ह्यामुळेच. ह्या कौशल्याची मुळेही गरजेतच होती. शनिवारी रात्री मजुरांच्या नाचासाठी जो एकटा वादक बोलावला जाई, त्याला ढोल, पिपाणी आणि गळा ह्या सर्वांची कामे स्वतःच उरकावी लागत. १९३४ मध्ये निधन पावलेला चार्ली पॅटन हा डेल्टातील गायक ह्यासाठी गिटारच्या लाकडावर थापा मारी, पायाने जमिनीवर ठेका धरी आणि प्रसंगी वाद्य डोक्यामागे धरूनही वाजवी.

ह्या संगीतातील स्वरांविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. ब्लूजचा आत्मा ज्या स्वरांत आहे, ते पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाहीत. त्यातला मुख्य स्वर कोमल आणि शुद्ध गांधार ह्यांच्या मध्ये कोठेतरी असतो आणि तोही स्थिर नसतो. खालून वर सरकत, शुद्धाच्या उंबरठ्याशी येऊन थबकतो. निषादाचेही तसेच. तार पडद्यावर आडवी ओढली की तो मिळतो. सतारीवर मींड ज्या कृतीने काढतात तीच ही कृती. दुसरा मार्ग म्हणजे फोडलेल्या बाटलीचे मानेकडचे नळकांडे बोटात घालून किंवा चाकूची पाठ टेकवून तारेवरून घसरविणे. आपली विचित्र वीणा गोट्याने वाजवितात, त्या तत्त्वाहून हे फार दूर नाही. त्यासाठी गिटारच्या ठरीव जुळणीत बदल करून साऱ्या मोकळ्या तारा एकाच स्वरमेळात लावून घेतात. मग बोट न लावताही वाद्य झंकारत राहते आणि त्या झंकारावर काचेचा स्वर माणसाच्या गळ्यासारखा कण्हतो, पुटपुटतो. गायक पुष्कळदा ओळ अर्धीच गाऊन सोडून देतो आणि उरलेली तारेकडून पुरी करून घेतो.

एकट्याने गाण्याचा आणखी एक लाभ आहे. ज्याला साथीदार नाहीत त्याला मात्रांचा हिशेब कोणाला द्यावयाचा नसतो. टेक्ससचा लाइटनिंग हॉपकिन्स हा गायक (१९१२–१९८२) मनात आले की एखादा खंड वाढवी किंवा गाळी. बारांचे अकरा होत किंवा तेरा होत. त्याच्याबरोबर वाजविणाऱ्यांची त्यामुळे तारांबळ उडे. परंतु तो एकटा गात असता ऐकणाऱ्याला त्यात चूक वाटत नाही. बोलता बोलता माणूस थांबतो, आठवतो, श्वास घेतो, तसेच ते वाटते. गाणे आणि बोलणे ह्यांतील भिंत तेथे फारच पातळ होते, आणि ह्या कलेच्या आकर्षणाचे एक रहस्य येथे दडलेले आहे.

१९२० नंतर ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांना निग्रो गिऱ्हाइकांची बाजारपेठ गवसली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या गाण्याला नेटकी, आटोपशीर कविता व्हावे लागले. कंपन्या दक्षिणेकडील शहरांत तात्पुरते मुद्रणकक्ष थाटीत, गायकांना एकरकमी मोबदला देत आणि पुढील विक्रीतून बहुतेकांच्या हाती काहीच पडत नसे. १९२९ नंतरच्या मंदीने हा धंदाही बसविला. त्या पडत्या काळात, १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोला आणि १९३७ च्या जून महिन्यात डॅलसला, रॉबर्ट जॉन्सन ह्या तरुणाने एकूण २९ गाणी मुद्रित केली; आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात निग्रो संगीताचा मोठा जलसा व्हावयाचा होता. संयोजक जॉन हॅमंड ह्यांनी त्याला बोलावू पाहिले, तो तो हयात नसल्याचे कळले. तेव्हा रिकाम्या रंगमंचावरून त्याच्या तबकड्या वाजविण्यात आल्या.

जॉन्सनविषयी एक दंतकथा जगभर पसरली आहे. मध्यरात्री चव्हाट्यावर त्याने सैतानाला आपला आत्मा विकला आणि मोबदल्यात वादनाची सिद्धी मिळविली, अशी ती कथा. आपल्याकडेही एखाद्या गवयावर देवी प्रसन्न झाल्याच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे ही कथा ऐकताना गंमत वाटते. परंतु तिच्यात एक अन्यायही आहे. जॉन्सनने सभोवतालच्या वादकांचे कान देऊन ऐकले, आईक झिमरमन नावाच्या एका अनुभवी वादकाकडून धडे घेतले आणि पियानोवरील डाव्या हाताची चाल गिटारच्या जाड तारांवर आणून बसविली. हा सारा रियाझ आहे. गरीब मजुराच्या पोराने विचारपूर्वक काही घडविले असेल, हे मानण्यापेक्षा सैतानाला श्रेय देणे लोकांना सोपे गेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेल्टातील मजूर हजारोंच्या संख्येने उत्तरेकडील कारखान्यांत गेले. १९४१ मध्ये मडी वॉटर्सचे लाकडी गिटारवरील गाणे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्याच्या मळ्यावर मुद्रित करण्यात आले होते. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तेथील दारूच्या दुकानांतील गोंगाटात लाकडी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. त्याच्या पाठोपाठ ढोल आले, इतर वाद्ये आली. एकट्याची गिटार आता जुन्या तबकड्यांच्या अडगळीत गेली. तिला तेथून बाहेर काढले ते संग्राहकांनी. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ ह्याने जुन्या तबकड्यांतून निवडलेला अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह प्रसिद्ध झाला, १९६१ मध्ये रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली, आणि शहरांतील गोऱ्या विद्यार्थ्यांची एक पिढी अंगठ्याची ती चाल शिकण्यासाठी खोलीचे दार लावून बसू लागली.

ह्या पुनःशोधाची सर्वांत हृद्य कथा मिसिसिपी जॉन हर्ट ह्याची आहे. हा अ‍ॅव्हलॉन ह्या खेड्यातील शेतमजूर. लहानपणीच गिटार आपली आपण शिकलेला. विली नार्मोर नावाच्या गोऱ्या व्हायोलिनवादक शेजाऱ्याच्या शिफारशीवरून १९२८ मध्ये त्याला मेम्फिस आणि न्यूयॉर्क येथे मुद्रणासाठी बोलावले गेले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत आणि हर्ट गावी परत येऊन पुन्हा शेतावर राबू लागला. पस्तीस वर्षे लोटली. न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्याने आपल्या गावाची आठवण काढणारे एक गाणे म्हटले होते. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स ह्या तरुण रसिकाने त्या गाण्यातील गावाचे नाव जुन्या नकाशात शोधले आणि तो थेट हर्टच्या दारात जाऊन उभा राहिला. सत्तरीला आलेला हर्ट घाबरला; हा कोणी सरकारी पोलीस असावा, असे त्याला वाटले. ही भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याच राज्यात मेडगर एव्हर्स ह्या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याचा त्याच्या घराच्या दारात खून झाला. अशा त्या प्रांतात अनोळखी गोरा माणूस निग्रोच्या दारी आला तर तो गाणे ऐकावयास आला असेल, हे कोणाच्या मनात यावे?

त्याच उन्हाळ्यात हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे बसला. डेल्टातील इतर गायकांच्या आवाजात जो कर्कश आवेग असे, तो त्याच्यापाशी नव्हता. तो अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावे तसे गाई, आणि त्याची बोटे जणू आपल्याच नादात झऱ्यासारखी वाहत. डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर हसू, आणि कसलीही ऐट नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात तो वारला. तीन वर्षांचीच काय ती कीर्ती. पण त्या तीन वर्षांत मुद्रित झालेली त्याची गाणी हे आजही अनेक नवशिक्या वादकांचे पहिले पुस्तक ठरते.

तशीच गोष्ट एलिझाबेथ कॉटन हिची. नॉर्थ कॅरोलायनातील ही डावखुरी मुलगी उजव्या हाताच्या माणसासाठी बनविलेली गिटार उलटी धरून वाजवावयास शिकली. त्यामुळे तिचा अंगठा चाल वाजवी आणि बोटे ठेका धरीत. ‘फ्रेट ट्रेन’ हे मालगाडीवरील तिचे गीत तिने बालवयातच रचले. पुढे संसारात पडल्यावर तिने कित्येक दशके गिटारला हात लावला नाही. वॉशिंग्टनमध्ये सीगर ह्या संगीतज्ञ कुटुंबाच्या घरी ती घरकामाला राहिली, आणि तेथे भिंतीवर टांगलेली गिटार पाहून विसरलेली विद्या तिच्या बोटांत परत आली. तिची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये, तिच्या वयाच्या पासष्टीत निघाली. दरम्यान तिच्या त्या गीतावर इंग्लंडमध्ये दुसऱ्यांनीच आपली मालकी नोंदविली होती. १९८५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

ह्या कथा गोड आहेत. परंतु त्यांच्या गोडीत एक धोका आहे. एकाकी, निर्धन, खेडवळ गायक हे चित्र शहरी रसिकाला इतके प्रिय झाले की गायकाने त्या चित्राबाहेर पाऊल टाकू नये, असे त्याला वाटू लागले. बिग बिल ब्रून्झी हा शिकागोतील कसलेला व्यावसायिक. ताफ्यांबरोबर मुद्रणे करणारा, नव्या धाटणीची गाणी रचणारा. पण १९५१ नंतर तो युरोपात गेला तेव्हा तेथील श्रोत्यांना हवा होता लाकडी गिटार घेतलेला साधाभोळा शेतकरी, आणि ब्रून्झीने तोच त्यांच्यापुढे उभा केला. एकटेपणा ही ह्या गायकांनी केलेली निवड पुष्कळदा नव्हतीच. साथीदार परवडत नव्हते, म्हणून ते एकटे होते. दारिद्र्याने ही कला निर्माण केली, असे म्हणणे म्हणजे मळेवाल्याच्या हिशेबवहीला काव्याचे श्रेय देणे होय. कला माणसांनी निर्माण केली, दारिद्र्य असूनही केली, आणि तिचे पैसे बहुतांशी इतरांनी नेले. हे विसरून ऐकणारा रसिक निम्मेच गाणे ऐकतो.

मग ह्या गाण्याचे निर्भेळ आकर्षण ते कोणते? पहिले असे की, येथे लपावयास जागा नाही. वाद्यवृंदात एखाद्याचा हात ढिला पडला तर इतर ती उणीव झाकतात. येथे अंगठा डळमळला की सारा डोलारा डळमळतो. बोट तारेवरून सरकल्याचा आवाज, श्वास, खुर्चीची करकर, सारे ऐकू येते आणि त्यामुळेच समोर एक माणूस बसला आहे, ही जाणीव क्षणभरही सुटत नाही. दुसरे असे की, ह्या संगीताचे माप माणसाएवढे आहे. ते ओसरीवर, स्वयंपाकघरात, झाडाखाली मावते. त्याला सभागृह लागत नाही. आणि तिसरे असे की, ते आवाक्यातले वाटते. एक स्वस्त गिटार आणि काही वर्षांचा चिकाटीचा सराव एवढे भांडवल कोणाजवळही असू शकते. ऐकणारा केवळ भारावून न जाता स्वतः वाजवू पाहतो. गाणे टिकते ते अशाच हातांतून.

ह्या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे. टेक्ससमधील आंधळा भजनगायक ब्लाइंड विली जॉन्सन ह्याने १९२७ च्या डिसेंबरात डॅलस येथे एक रचना मुद्रित केली. ख्रिस्ताच्या यातनांविषयीच्या जुन्या स्तोत्रावरून तिचे नाव घेतलेले आहे; पण तिच्यात शब्द नाहीत. तारेवर घसरणारा स्वर आहे आणि त्याच्याशी मिसळणारे, ओठ मिटून केलेले गुणगुणणे आहे. ह्याच रचनेच्या आधारे राय कूडर ह्या अमेरिकन वादकाने १९८४ मध्ये ‘पॅरिस, टेक्सस’ ह्या चित्रपटाचे संगीत दिले. आणि त्याच कूडरने पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेबरोबर वाजविलेली ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली व तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. घसरत्या तारेची भाषा दोघांनाही दुभाष्यावाचून कळली.

ब्लाइंड विली १९४५ मध्ये दारिद्र्यातच वारला. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, तेव्हा त्यांवर पृथ्वीवरील संगीताची एक सोनेरी तबकडी बसविली. त्या तबकडीवर गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांनी गायिलेली भैरवी आहे, आणि ती संपताच लागते ते ह्या आंधळ्या गायकाचे गुणगुणणे. पहिल्या व्हॉयेजरच्या उड्डाणानंतर अकराच दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले. एकीमागे अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याची शिस्त होती, दुसऱ्यामागे गुरू नव्हता, आश्रयदाता नव्हता, घरही धड नव्हते. तरीही निवड करणाऱ्यांनी त्यांना शेजारी बसविले आणि ते शेजारपण कानाला पटते. २०१२ मध्ये पहिले आणि २०१८ मध्ये दुसरे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. जी गिटार एके काळी शेजारच्या ओसरीपलीकडे ऐकू जात नव्हती, तिचा आवाज आज माणसाने घडविलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा दूर गेलेला आहे. पृथ्वीवर मात्र तो ऐकावयाचा तर जुनाच मार्ग आहे: इतर आवाज बंद करावे, जवळ बसावे आणि अंगठ्याच्या त्या संथ चालीकडे कान लावावा.